बाया, बाप्ये आणि घर

मडिवाळप्पांच्या जुन्या साउंड मिक्सरवर एल आणि आर ही अक्षरं दिसत नव्हती. त्यांच्यावर पांढरी चिकटपट्टी होती. डावीकडच्या पट्टीवर निळ्या पेनाने लिहिलं होतं ‘बाया’ आणि उजवीकडच्या पट्टीवर ‘बाप्ये’. अक्षरं पुसट झाली की ते त्यांच्यावरूनच पुन्हा पेन फिरवायचे, त्यामुळे ती चांगलीच जाड झाली होती.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या लिंगायत समाजाच्या हॉलमध्ये श्रावणातल्या दर सोमवारी संध्याकाळी पाच ते सात वचनगायन असतं, म्हणजे शरणांची जुनी कन्नड वचनं गातात. हॉलच्या मधोमध लाल जाजमाची वाट. वाटेच्या डाव्या अंगाला बाया बसतात, उजव्या अंगाला पुरुष. स्पीकर स्टेजच्या दोन टोकांना, दोनच. म्हणजे डावा स्पीकर बायांचा आणि उजवा बाप्यांचा. एल आणि आरपेक्षा हे जास्त खरं होतं, आणि एकतीस वर्षं मडिवाळप्पा याच हिशेबाने आवाज लावत होते.

मला तिथे नेलं प्रभूअण्णांनी. ते हॉलचे सेक्रेटरी, सुताचे व्यापारी, आणि माझ्या वडिलांचे जुने मित्र. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, पुण्यात आठ महिने साउंडचा कोर्स केला आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर परत आले, हे त्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी आषाढात ते घरी आले आणि म्हणाले की हॉलसाठी नवा डिजिटल मिक्सर घेतलाय. दोन-तीन वर्षं तक्रारी होत्या. बायांच्या बाजूने चिठ्ठ्या यायच्या की शब्द कळत नाहीत, सगळं विहिरीत बोलल्यासारखं येतं. बाप्यांच्या बाजूला उलट, आवाज पत्र्यासारखा कोरडा. अप्पांचं वय झालं, असं कमिटीचं मत पडलं होतं. त्या श्रावणात मी त्यांच्याबरोबर बसायचं, आणि पुढच्या वर्षी अप्पांना बोलवायचं की नाही ते शेवटच्या सोमवारी मी सांगायचं. अण्णा म्हणाले, “तू शिकलेली आहेस. तुझ्या शब्दावर ठेवतो.”

मडिवाळप्पांना हे कुणीतरी आधीच सांगितलं होतं. पहिल्या सोमवारी मी टेबलापाशी पोचले तर त्यांनी वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, “मला काढायला आलीस ती तूच व्हय?” मी गडबडले. ते म्हणाले, “बस की. काढायच्या आदी शिकून तरी घे.”

मडिवाळप्पा मूळचे मंद्रूपचे. सोळाव्या वर्षी सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये लागले. मालकाचा बंद पडलेला रेडिओ दुरुस्त केला, मग शेजारच्या गणपती मंडळाचा ॲम्प्लिफायर, आणि सत्ताविसाव्या वर्षी माग सोडून भोंगे आणि माईक भाड्याने द्यायचं काम सुरू केलं. त्याच शेडमध्ये चंद्रव्वा कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळायच्या. दोघांचं लग्न झालं, मडिवाळप्पा बाहेर पडले, चंद्रव्वा तिथेच राहिल्या. एकूण बावीस वर्षं.

मागांच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. तिथे हाताने बोलतात. पंजा पसरून हलवला की कांडी संपत आली, नवी आण. पंजा नुसता स्थिर धरला की ठीक आहे, चालू दे. मडिवाळप्पा सांगतात की त्या काळात त्यांच्या मागावरची कांडी सगळ्यात लवकर संपायची. संपलेली नसली तरी ते पंजा हलवायचे.

पुढे हॉलचं काम मिळालं तेव्हा हीच खूण कामाला आली. मिक्सरचं टेबल बाप्यांच्या बाजूला, मागच्या भिंतीशी. तिथून बायांच्या बाजूला कसं ऐकू येतं ते कळणार नाही, आणि कार्यक्रम चालू असताना बायांमध्ये जाऊन उभं राहायची रीत नाही. म्हणून चंद्रव्वा बायांच्या बाजूच्या तिसऱ्या खांबापाशी बसू लागल्या, हातात पुठ्ठ्याचा पंखा घेऊन. पंखा हलला की काहीतरी कमी आहे. पंखा मांडीवर पडला की चालू दे. एकतीस वर्षं मडिवाळप्पांनी अर्धा हॉल स्वतःच्या कानाने ऐकला आणि अर्धा त्या पंख्याने.

पहिल्या सोमवारी मी मात्र पुण्यात शिकलेलं सगळं एकदम काढलं. पेटीचा आवाज डावीकडे सरकवला, तबल्याचा उजवीकडे. एक-एक आवाज आपापल्या जागी बसला. मिक्सरपासून सरकून जाजमाच्या वाटेवर मी उभी राहिले तर इतकं सुंदर वाटत होतं की मला पहिल्याच दिवशी शाबासकीची अपेक्षा होती. पंधरा मिनिटांत दोन चिठ्ठ्या आल्या. बायांनी विचारलं होतं, तबला आज आला नाही का. बाप्यांच्या चिठ्ठीत पेटीवाल्याची चौकशी होती.

मडिवाळप्पांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाले, “तुझं ते वाटंवर उभं राहिलं की ग्वाड लागतंय. पर वाटंवर बसतंय कोन? आरतीचं ताट घेऊन जानारा एकटा. त्याच्यासाठी येवढं केलंस व्हय?”

मी पेटी आणि तबला दोन्ही परत मधे आणले. घरी हेडफोन लावला की प्रत्येक जण मधोमध बसलेला असतो. हॉलमध्ये मधे फक्त जाजम असतं. हे मला कोर्समध्ये सांगितलं असेलही, पण कळलं त्या दिवशी.

मग इकोचं मी त्यांना समजावलं. त्यांची इकोची जुनी पेटी एका तारेची. एक आवाज आत जातो, एकच प्रतिध्वनी बाहेर येतो. त्याला मोनो म्हणतात. तो डावीकडे फिरवला तर डावीकडेच येणार, उजवी बाजू उपाशी. नव्या मिक्सरमधला प्रतिध्वनी जोडीने निघतो, डावा एक आणि उजवा त्याच्यापेक्षा जरासा निराळा. त्यांना दोन टोकांना ठेवलं की दोन्ही बाजूंना वाटा मिळतो. आणि चुकून दोघांना मधे एकाच जागी आणलं तर ते एकमेकांत मिसळून पोकळ होतात, जोडी असून नसल्यासारखी.

“म्हंजे जोडीनं आल्यालं जोडीनंच बसवायचं, पर एका खुर्चीत न्हाय,” ते म्हणाले आणि खिशातून पेन काढून नव्या स्क्रीनच्या कडेला पट्ट्या चिकटवल्या. बाया. बाप्ये. या मिक्सरला बटणं सरकवायची सोय होती, म्हणून ते खूश होते.

त्यांचा जुना मिक्सर अडीअडचणीला म्हणून टेबलाखाली ठेवलेला होता. सामान आवरताना माझं त्याच्याकडे लक्ष गेलं. सगळ्या आवाजांची डावी-उजवीकडची बटणं सरळ मधे, घड्याळात बारा वाजल्यासारखी. फक्त इकोचं बटण नऊवर होतं, जवळजवळ पूर्ण बायांच्या बाजूला. दोन्हीकडच्या तक्रारींचं कारण माझ्यासमोर होतं. बाया प्रतिध्वनीत बुडत होत्या आणि बाप्यांना त्याचा थेंबही मिळत नव्हता. मी विचारलं, हे असं का. त्यांनी मिक्सरवर फडकं टाकलं. “ते तसंच असतंय,” म्हणाले.

एकतीस वर्षं काम केलेला माणूस अशी चूक चुकून करणार नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून दुसऱ्या सोमवारी नवा मिक्सर त्यांच्या हाती देऊन मी बायांच्या बाजूला, चंद्रव्वांच्या शेजारी जाऊन बसले.

गाणं सुरू झालं तेव्हा आवाज उत्तम होता. तरीही चंद्रव्वांचा पंखा हलला. टेबलापाशी मडिवाळप्पांनी हात पुढे केला आणि आमच्या बाजूचा इको वाढला. पंखा पुन्हा हलला, इको पुन्हा वाढला. चौथ्या ओळीला शब्द एकमेकांवर चढायला लागले. मागच्या दोघी कुजबुजल्या की नव्या मशीनचीही तीच तऱ्हा. वचनात सगळं मोल शब्दाचं, आणि शब्दच कळेना.

मी हळूच विचारलं, “अव्वा, काय कमी आहे?” त्या स्टेजकडे पाहत राहिल्या. मी जरा मोठ्याने विचारलं, तरी तेच. शेवटी कोपराला हात लावला तेव्हा त्या वळल्या आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, “लई लांबून येतंय गं. नवी आनली तरी ह्यांच्या मशीनची तीच गत.”

क, त, स, श ही अक्षरं आवाजाच्या अगदी वरच्या, बारीक भागात राहतात. मागाचा खडखडाट वर्षानुवर्षं ऐकला की कान आधी तोच भाग सोडतो. माणसाला वाटतं, लोक पुटपुटायला लागलेत. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याचा चेहरा माझ्या शेजारी पंखा घेऊन बसलेला होता. कांडी संपल्याची ती खूण फक्त कमी आहे एवढंच सांगायची. काय कमी आहे, ते सांगायला तिच्यात दुसरा शब्दच नव्हता.

मंगळवारी मी मडिवाळप्पांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे गल्लीतली एक खोली, स्पीकरच्या थप्प्यांमधून वाट काढत जावं लागतं. ते माईकच्या तारेला डाग देत होते. मी कानांच्या तपासणीबद्दल, मागांच्या आवाजाबद्दल लांबून लांबून बोलायला लागले. त्यांनी मान वर केली नाही.

“मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “कुकरच्या शिट्ट्या ती बगून मोजती. तीन वर्सं झाली.”

मी विचारलं, मग इको का देता. ते म्हणाले की आवाज वाढवला तर माईक शिट्टी मारतो, मग हातात उरतं काय. तिने पंखा हलवला की काहीतरी द्यावं लागतं. मी म्हटलं, तुम्ही त्यांना सांगितलं नाही? मग त्यांनी सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली.

“इतकी वर्सं तिनं सांगितलं आन मी केलं. आता तिनं पंखा हलवला आन मी तसाच बसून राहिलो, तर तिला काय वाटंल? आपला मानूस आपलं ऐकंना झाला. आन तुजे कान गेले असं मी म्हनलो, तर ती फुडच्या सोमवारी त्या खांबापाशी यायची न्हाय.”

मी म्हणाले, यापायी तुम्हालाच काढून टाकतील.

“काढू दे की. माझं नाव जाईल, तिचं तर ऱ्हाईल.”

घरी आल्यावर मी सरळ विचार केला. शेवटच्या सोमवारी मला अण्णांना उत्तर द्यायचं होतं. खरं सांगितलं तर चंद्रव्वांची गोष्ट चारचौघांत जाणार, आणि न सांगता अप्पांना ठेवा म्हटलं तर पुढच्या श्रावणात पुन्हा चिठ्ठ्या येणार. तिसरी वाट मिक्सरमध्येच होती. जुन्या मिक्सरमधून आवाज बाहेर जायला दोनच वाटा होत्या. नव्याला आठ होत्या.

दुकानात जाऊन मी अप्पांना कागदावर काढून दाखवलं. गाणाऱ्याचा आवाज मधे, दोन्हीकडे सारखा. प्रतिध्वनी जोडीचा, एक बायांकडे, एक बाप्यांकडे, आणि तोही चवीपुरता. एका तारेचा जुना इको बंद. आणि एक वेगळी तार तिसऱ्या खांबाच्या बुडाशी, एका लहान स्पीकरला. त्यात फक्त गाणाऱ्याचा आवाज, प्रतिध्वनी अजिबात नाही, आणि बारीक अक्षरं उठावदार केलेली. मडिवाळप्पांनी कागद दोनदा पाहिला. मग माळ्यावरून खाऊच्या डब्याएवढा एक स्पीकर काढला आणि त्यावरची धूळ बनियनला पुसली.

त्या तारेचं बटण ‘बाप्ये’च्या पट्टीशेजारी आलं. त्यावरही पट्टी लागली. काय लिहावं याचा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, ‘घर’.

तिसरा सोमवार चुकांत गेला. स्पीकर पिशव्यांच्या आड वर तोंड करून ठेवला तर हा आवाज कुठून येतो म्हणून शेजारच्या बाया दचकल्या, भिंतीकडे वळवला तर उपयोग होईना. शेवटच्या सोमवारी दुपारी मी तो पिशव्या ठेवायच्या बाकाखाली सरकवला, तोंड थेट चंद्रव्वांच्या बैठकीकडे. त्यांना काही सांगितलं नाही.

त्या दिवशी गायला मंद्रूपच्या शिवबाई होत्या. पासष्टीची शेतकरी बाई, आवाज खालचा आणि दमदार, पण शब्द तोंडातल्या तोंडात बोलायची सवय. हॉल गच्च भरला होता. उकडत होतं. प्रभूअण्णा टेबलाच्या मागे हात बांधून उभे राहिले.

पहिल्या वचनाच्या दुसऱ्या ओळीला पंखा हलला. मडिवाळप्पांचा हात सवयीने इकोकडे गेला आणि वाटेत थांबला. मग त्यांनी ‘घर’चं बटण बोटाच्या पेरभर वर सरकवलं. पंखा हलत होता. आणखी अर्धं पेर. पंखा सावकाश झाला आणि मांडीवर पडला.

पुढचा पाऊण तास तो तिथेच होता. तिसऱ्या वचनाला चंद्रव्वा शिवबाईंबरोबर ओठ हलवायला लागल्या. मडिवाळप्पांसमोर चहा आणून ठेवलेला होता, त्यावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

प्रभूअण्णा वाकून म्हणाले, “अप्पा, आज एक चिठ्ठी नाही.” मग त्यांचं लक्ष तिसऱ्या पट्टीकडे गेलं. “हे घर काय?”

“घरची लाईन. आदी घरची, बाकीच्या मागनं,” मडिवाळप्पा म्हणाले. अण्णांना वाटलं काहीतरी तांत्रिक असेल.

आरती झाली, प्रसाद वाटायला सुरुवात झाली. मी तारा गुंडाळत होते तेवढ्यात लाल जाजम ओलांडून चंद्रव्वा सरळ बाप्यांच्या बाजूला आल्या. काखेत तो लहान स्पीकर, मागे लोंबणारी तार. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“अवो, हे माज्या पायाशी कुनी ठेवलं?”

मडिवाळप्पा स्क्रीनवरची पट्टी बोटाने दाबून बसवू लागले. मी तार गुंडाळत राहिले.

“मला वाटलं शिवबाई माज्या वटीत बसून गाती. मग बाकाखाली बगितलं.” त्या स्पीकरवर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यातनं नीट येतंय. मग मोठ्यातनं का येत न्हाय?”

याचं उत्तर कुणी दिलं नाही. पण त्या बावीस वर्षं खुणांवर जगलेल्या बाई, गप्प बसणंही त्यांना वाचता यायचं. नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्या प्रभूअण्णांकडे वळल्या.

“प्रभू, मशीन म्हातारी झाली असं तुज्या श्रीदेवीला मीच म्हनले होते. दोनदा म्हनले. मशीनला काय धाड भरली न्हवती. कान माजे गेलेत. ह्ये तीन वर्सं माज्यापायी वंगाळ वाजवत्यात.”

नवा मिक्सर का आला ते मला तेव्हा कळलं. श्रीदेवीकाकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. चंद्रव्वांचं बोलणं त्यांनी घरी सांगितलं, अण्णांनी कमिटीत. एकतीस वर्षांच्या पंख्यावर सगळ्यांचाच विश्वास होता.

प्रसादाच्या रांगेतले चार-पाच जण वळून बघत होते. चंद्रव्वांना त्याची फिकीर दिसली नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आन तुमी. सांगायचं न्हाय व्हय?”

मडिवाळप्पांनी उजवा पंजा पसरून तो टेबलावर स्थिर धरला. मागावरची खूण. ठीक आहे, चालू दे.

“चालू दे काय चालू दे,” त्या म्हणाल्या. पदराने स्पीकरवरची धूळ पुसली आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, “साकु.” पुरे. पण आवाज रागाचा नव्हता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझं उत्तर आज द्यायचं होतं. मी म्हणाले की मिक्सरवर अप्पाच बसतील आणि खांबापाशी मी बसेन. अण्णा म्हणाले, तुला एवढं शिकून बायांमध्ये बसायचंय? मी म्हटलं, तिथेच ऐकू येतं.

या श्रावणात तसंच चाललंय. चंद्रव्वांना तपासणी करून कानातलं यंत्र मिळालं. घरी भांड्यांचा आवाज फार होतो म्हणून त्या ते काढून डबीत ठेवतात, हॉलमध्ये घालतात, आणि तरी लहान स्पीकर हवाच म्हणतात. तो आता बाकाखाली नाही, त्यांच्यासमोर स्टुलावर असतो. शेजारच्या दोन म्हाताऱ्या हळूहळू सरकत त्याच्या समोर आल्या आहेत. कुणी काही बोलत नाही.

मी खांबाच्या दुसऱ्या अंगाला बसते. मला काही कमी वाटलं तर फोनवर मेसेज करते, काय कमी आहे ते शब्दांत लिहून. मडिवाळप्पा चष्मा वर करून तो वाचतात आणि करतात.

पंखा चंद्रव्वांच्याच हातात असतो. आता त्या तो हलवतात तो उकडतं म्हणून. हे मडिवाळप्पांना माहीत आहे. तरीही पंखा हलला की त्यांचा हात ‘घर’च्या बटणाकडे जातो.